तीस चाव्यांचा जुडगा आणि गोल झालेला बोल्ट

एका वाचकाचं पत्र आलं आहे. सुट्टीच्या दिवशी ते सायकलवर लांब जातात आणि सायकलची कामं शक्यतो स्वतःच करतात. थोरल्या भावासोबत त्यांचं एक छोटं वर्कशॉपही आहे. त्यांच्याकडे तीस नगांचा ॲलन कीचा (बोल्टच्या डोक्यातल्या षटकोनी खाचेत बसणाऱ्या चाव्यांचा) सेट आहे, निम्म्या मिमीच्या आणि निम्म्या इंची. कींवरचे आकडे पुसले गेल्यामुळे ते एकेक की लावून बघतात आणि जी बसेल ती चालवतात. मध्यंतरी ड्रिल मशीनच्या व्हाइसमधला एक बोल्ट गोल झाला. आता सायकलच्या स्टेमच्या (हँडलबार धरून ठेवणाऱ्या भागाच्या) पुढच्या झाकणाचा एक बोल्टही गोल होऊन अडकला आहे, आणि हँडलबार कार्बनचा आहे. सायकलवाला मित्र म्हणतो, "युरोपातला भारी सेट घेऊन टाक, जन्माची कटकट जाईल." दादा म्हणतात, "हत्यारं सगळी सारखीच, हाताला वळण पाहिजे." वाचकांचा कल मित्राकडे आहे. अडचण अशी की दादा घट्ट बोल्टवर कीला पाइप लावून जोर करतात. "कुठला सेट घेऊ, आणि घेतलाच तर तो दादांपासून कुलपात ठेवू का?" असा त्यांचा प्रश्न आहे.

नमस्कार,

तुमच्या पत्रात एक ओळ तुम्ही सहज लिहून गेला आहात: "की तशी चांगली दिसते, बोल्टच गोल झाला." मला सगळ्यात कामाची माहिती त्या ओळीत सापडली. तेव्हा सेटच्या आधी तिच्याबद्दल बोलू.

की आणि बोल्ट एकमेकांवर झिजतात तेव्हा त्यांतलं मऊ पोलाद आधी हार मानतं. वर्कशॉपात सर्रास दिसणाऱ्या काळ्या ॲलन बोल्टच्या डोक्यावर बहुतेक वेळा १२.९ असा आकडा असतो. त्याचा कडकपणा रॉकवेल सी मापात ३९ ते ४४ असतो. ८.८ दर्जाचा बोल्ट २२ ते ३२ च्या दरम्यान येतो. नीट पाणी दिलेली (तापवून, थंड करून कडक केलेली) ॲलन की पन्नाशीच्या पुढे असते, चांगल्या कंपन्यांच्या छोट्या कींमध्ये साठीजवळही जाते. म्हणजे ठीकठाक कीसुद्धा बोल्टपेक्षा कडक असते. कीचे कोपरे गोल झाले असतील किंवा तिला पीळ पडला असेल, तर पोलाद कच्चं आहे असं खुशाल म्हणा आणि ती भंगारात टाका. तुमची की मात्र शाबूत आहे आणि बोल्ट गेला आहे. दोष पोलादापेक्षा बसण्याचा असावा, असं मला वाटतं.

बसण्याचा म्हणजे काय ते आकड्यांत सांगतो, कारण इथे आकडे फार बोलके आहेत. ५ ची की लागणाऱ्या नव्या बोल्टची खाच मोजली तर ती ५.०२ ते ५.१४ मिमीच्या दरम्यान भरते. की आत जायला हवी, म्हणून खाच मुद्दाम किंचित मोठी ठेवलेली असते. चांगली ५ ची की ४.९५ च्या वर आणि ५.०० च्या आत असते. अशी की साधारण दोन-सव्वादोन अंश फिरली की तिच्या कडा खाचेच्या भिंतींना टेकतात आणि बोल्ट फिरू लागतो. आता तुमच्या जुडग्यात ३/१६ इंचाचीही एक की असणार. तिचं माप ४.७६ मिमी. ती ५ च्या खाचेत सहज जाते, "बसली" असं वाटतं. पण बोल्टला भिडण्याआधी ती सात अंशांहून जास्त मोकळी फिरते, आणि भिडते तेव्हा कोपऱ्यांच्या अगदी शेवटच्या धारेवर. तेवढ्याशा धारेवर सगळा जोर आला की बोल्टची भिंत चेपते. पुढच्या वेळी खाच आणखी सैल झालेली असते.

व्हाइसचा बोल्ट असाच गेला असेल, असा माझा अंदाज आहे. खात्री करायची तर वर्निअर (बारीक माप घेणारं कॅलिपर) घ्या आणि त्या दिवशी वापरलेली की समोरासमोरच्या दोन बाजूंवर मोजा. तिन्ही जोड्या मोजा. स्वस्त कींमध्ये तीन मापं तीन तऱ्हांची निघतात.

स्टेमच्या बोल्टची कथा थोडी वेगळी असू शकते. तिथे सहसा एम५ चे, म्हणजे ५ मिमी जाडीच्या आट्यांचे, बोल्ट असतात आणि त्यांना ४ ची की लागते. ५/३२ इंचाची की ३.९७ मिमी भरते, म्हणजे ४ च्या जागी ती जवळपास चालून जाते. इथे इंची कीवर संशय घेण्यात फारसा अर्थ नाही. इथे मी तीन गोष्टी विचारेन. खाचेत माती किंवा वाळलेलं ग्रीस होतं का? की तळापर्यंत गेली होती का? आणि तुम्ही गोल डोक्याचं टोक, म्हणजे बॉल-एंड, तिरकं लावून शेवटचा आवळ दिलात का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर "हो" असेल, तर फार शोधाशोध करू नका.

बॉल-एंड ही सोय आहे, ती तशीच वापरावी. साधारण २५ अंशांपर्यंत की तिरकी धरूनही त्याने बोल्ट फिरवता येतो. बाटलीच्या पिंजऱ्याचे बोल्ट, मशीनच्या पोटातला अवघड कोपरा, अशा ठिकाणी हात न मोडता काम होतं. पण त्या गोळ्याच्या मागे मान बारीक असते आणि खाचेला तो थोड्याच जागी टेकतो. सैल झालेला बोल्ट भराभर फिरवायला बॉल-एंड. पहिला झटका देऊन सोडवायला आणि शेवटी आवळायला सरळ टोक. ही शिस्त पाळली नाही तर भारीतल्या भारी कीचाही गोळा मानेपाशी तुटतो आणि खाचेतच अडकून बसतो. मग तो काढायला वेगळी अर्धी दुपार.

तर दादांचं "हाताला वळण" हे म्हणणं मला अजिबात फेकून देण्यासारखं वाटत नाही. "सगळी सारखीच" हे मात्र चूक आहे.

फरक कुठे असतो ते ओळखता आलं पाहिजे, कारण पाकिटावरून तो कळत नाही. "क्रोम व्हॅनेडियम" हा शिक्का धातूत काय मिसळलंय तेवढं सांगतो, पाणी कसं दिलंय ते सांगत नाही. "एस२" या पोलादाच्या नावाचंही तसंच. तेच पोलाद घेऊन एक कारखाना उत्तम की बनवतो आणि दुसरा ठिसूळ, जी जरा जोर लावला की काचेसारखी तुटते. आयएसओ २९३६ हे ॲलन कींचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्याचा उल्लेख असेल तर चांगलंच, पण छापणाऱ्यावर विश्वास हवा. म्हणून टोक बघा. ते सरळ, चौरस कापलेलं असावं, कडांवर कापताना उरलेले कंगोरे नसावेत आणि कोपऱ्यांना दिलेला उतार अगदी जेमतेम असावा. स्वस्त कींचं टोक बऱ्याचदा पेन्सिलीसारखं गोलावलेलं असतं, त्यामुळे पहिला दीड-दोन मिमी भाग खाचेला टेकतच नाही. बटण डोक्याच्या (बुटक्या, गोलसर डोक्याच्या) बोल्टमध्ये खाच मुळातच उथळ असते, तिथे एवढी लांबी वाया गेली तर उरतं काय? शिवाय अशा बोल्टला एक माप लहान की लागते. एम५ च्या नेहमीच्या ॲलन बोल्टला ४ ची, पण बटण डोक्याच्या एम५ ला ३ ची. उथळ आणि बारीक असा दुहेरी तोटा. बटण बोल्ट वारंवार गोल होत असतील तर कीला दोष देण्याआधी तिथे साधा उंच डोक्याचा बोल्ट बसतो का ते बघा.

दुसरी परीक्षा त्याहून सोपी. एक नवा कोरा बोल्ट सोबत ठेवा. की तळापर्यंत घाला आणि लांब हाताचं टोक डावी-उजवीकडे हलवा. चांगली की किंचित हलते आणि चटकन भिडते. वाईट की डुलते. लांब हातामुळे हा फरक वाढून दिसतो, त्यामुळे वर्निअर नसला तरी काम भागतं. जुन्या बोल्टवर ही परीक्षा करू नका, तिथे सैलपणा कुणाचा ते कळणार नाही.

बारीक मापांत ही परीक्षा जास्त कडक घ्या. ८ ची की पाच शतांश मिमी कमी भरली तर कमतरता एक टक्क्याहूनही कमी. तेवढीच घट २ च्या कीमध्ये अडीच टक्के होते, आणि वर २ ची की लागणारे बोल्ट आधीच नाजूक. डिरेलरचे (गिअर बदलणाऱ्या भागाचे) बारीक स्क्रू, ब्रेक लिव्हरची पोच जुळवायचा स्क्रू, मशीनवरचे बिनडोक्याचे ग्रब स्क्रू, सगळे याच घरातले. लोक मोठ्या कींवर पैसा टाकतात आणि बारीक कशाही चालतील म्हणतात. मी उलटं सुचवेन.

आता खरेदी. तुम्ही "मोठा सेट" म्हणता, तिथे मला जरा थांबवावंसं वाटतं. तीस नगांमुळेच तर तुमचा घोळ झाला. आजच्या बहुतेक सायकलींना मिमीच्याच की लागतात: २, २.५, ३, ४, ५, ६ आणि ८. कधीतरी १०, मागच्या चाकाच्या फ्रीहबसाठी वगैरे. ॲलनच्या बरोबरीने टी२५ हे सहा पाकळ्यांचं टॉर्क्स माप हाताशी हवंच, कारण डिस्क ब्रेकची तबकडी बहुधा त्यानेच बसवलेली असते आणि काही कंपन्या इतर ठिकाणीही तेच वापरतात. वर्कशॉपमध्ये एम३ ला २.५, एम४ ला ३, एम५ ला ४, एम६ ला ५, एम८ ला ६, एम१० ला ८ हा हिशोब लागतो. म्हणजे १.५ ते १० अशा नऊ कींचा एक सेट दोन्ही कामं करतो. चांगले कारखाने नेमका हाच नऊ नगांचा सेट मुख्य माल म्हणून विकतात, त्यामागे कारण आहे.

इंची मशीन असेल तर इंची सेट वेगळा घ्या आणि वेगळ्या जागी, वेगळ्या रंगाच्या होल्डरमध्ये ठेवा. एकाच कड्यात दोन्ही जाती नकोत. ७/३२ इंचाची की म्हणजे ५.५६ मिमी. ती ६ च्या खाचेत जाते आणि जवळपास अकरा अंश मोकळी फिरते. ३/३२ ची की २.३८ मिमी, ती २.५ मध्ये घुसते. तुमच्या जुडग्यातल्या निम्म्या की बाकीच्या निम्म्यांचं सोंग घेऊन बसल्या आहेत. आकडे पुसले गेल्यावर तर विचारायलाच नको.

नावं विचारलीत म्हणून सांगतो. जर्मनीच्या वेरा आणि विहा, स्वित्झर्लंडची पीबी स्विस टूल्स, अमेरिकेची बॉन्डहस, स्लोव्हेनियाची युनिऑर, सायकलच्या हत्यारांपुरती पार्क टूल. यांतली कुठलीही घ्या, मापाची तक्रार सहसा येणार नाही. वेराच्या काही कींच्या बाजू सपाट न ठेवता किंचित आत वळवलेल्या असतात. त्यामुळे जोर कोपऱ्यावर न येता बाजूकडे सरकतो आणि थोड्या गोल झालेल्या खाचेतही पकड मिळते. ही युक्ती खरोखर उपयोगी आहे. पीबी स्विसच्या रंगीत कींची थट्टा करणारे बरेच आहेत, पण आकडे पुसल्यामुळे अडचणीत आलेल्या माणसाला रंगाची किंमत मी काय सांगावी! हिरवी म्हणजे अमुक, लाल म्हणजे तमुक, हे दोन आठवड्यांत हाताला पाठ होतं.

मित्राच्या "जन्माची कटकट जाईल" या वाक्यावर मात्र थोडं पाणी ओततो. ॲलन की झिजतेच, भारी असली तरी. ती जास्त काळ टिकते, आणि मुख्य म्हणजे टिकते तोवर बोल्टांची नासाडी करत नाही. तुम्ही पैसे मोजता ते या दुसऱ्या गोष्टीसाठी. झिजलेली चांगली की टाकूनही द्यायची नसते. सरळ टोक ग्राइंडरवर दोन-चार मिमी मागे घासा, की आतला अखंड षटकोन पुन्हा नवा. मात्र दर दोन सेकंदांनी पाण्यात बुडवत राहा. टोक निळं पडलं की पाणी उतरलं समजा, मग ती की मऊ झाली. बॉल-एंडच्या टोकाला हा इलाज नाही.

पैसे एकदम घालवायचे नसतील तर सेटच्या मागे लागू नका. ४, ५ आणि ६ या तीन की सुट्या घ्या. सायकलच्या रोजच्या कामांतली बहुतेक याच करतात, म्हणून तर या तीन मापांचा तीन पायांचा वाय आकाराचा पाना सायकलवाल्यांच्या खिशात असतो. त्यानंतर २, २.५ आणि ३. ८ ची मात्र एल आकाराची छोटी की घेऊन उपयोग नाही. पेडल आणि क्रँकच्या बोल्टला ३५ ते ४० न्यूटन-मीटर (फिरवण्याच्या जोराचं माप) किंवा त्याहूनही जास्त आवळ असतो. ८ ची नेहमीची की १०० मिमी लांब असते, म्हणजे ४० न्यूटन-मीटरसाठी तिच्या अगदी टोकावर चाळीस किलोचा भार द्यावा लागेल. नेमका इथेच माणसाला पाइप सुचतो. पाव मीटर लांबीचा, मुठीचा ८ चा पाना घ्या, तोच भार सोळा किलोवर येतो. पेडल सोडवताना दिशेचा घोळ होऊ देऊ नका. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, आणि की आतल्या बाजूने लावली की बघण्याची बाजूही उलटते. पाना उभा धरून त्याचं वरचं टोक मागच्या चाकाकडे न्यायचं, दोन्ही बाजूंना पेडल सुटतं. उलट्या दिशेने जोर करून कित्येकांनी शाबूत खाचा घालवल्या आहेत.

आकाराबद्दल थोडं. एल आकार हा राजा, कारण अडचणीत शिरतो आणि दोन लांब्या देतो. टी मुठीची की वर्कशॉपमध्ये एकच माप पन्नास वेळा फिरवायचं असेल तर सुखाची, सायकलवर ठीक. चाकूसारखी घडी होणारी जोड-की (मल्टीटूल) घरी नको. तिचा जाड दांडा सायकलच्या सांगाड्याला अडतो, की तिरकी बसते आणि पुन्हा तीच रड. ती रस्त्यावरच्या अडीअडचणीसाठी पिशवीत ठेवा. फर्निचरसोबत मिळणारी की त्या फर्निचरपुरती, तिला सेटमध्ये घेऊ नका.

आता कार्बन हँडलबार. मला तुमच्या पत्रात खरी काळजी वाटली ती इथे. चांगली की घेतली की धोका कमी होईल असं तुम्ही धरून चालला आहात. बोल्ट गोल होण्याचा धोका कमी होईल. बार चिरडण्याचा धोका उलट वाढू शकतो, कारण चांगली की निसटत नाही, तुम्ही द्याल तेवढा सगळा जोर बोल्टपर्यंत पोचवते. स्टेमच्या झाकणाच्या बोल्टांना साधारण ५ न्यूटन-मीटरच्या आसपास आवळ असतो. नेमका आकडा बहुतेक स्टेमवर छापलेला असतो, तोच अंतिम मानायचा. ४ ची नेहमीची की ७० मिमी लांब असते. तिच्या टोकाला सात किलोचा जोर दिला की ५ न्यूटन-मीटर झाले. सात किलो म्हणजे मनगटाला काहीच नाही. लांब हाताची की घेतलीत तर आणखी कमी जोर पुरतो, म्हणजे चुकायला आणखी सोपं.

म्हणून कार्बनच्या वाट्याला ॲलन की नव्हे, किती जोर झाला ते कळवणारा टॉर्क पाना. पाव इंची चौकोनाचा, २ ते १५-२० न्यूटन-मीटरच्या टप्प्यातला आणि त्याला बसणारे चांगले ३, ४, ५, ६ आणि टी२५ चे बिट (बदलता येणारी टोकं). बिट निवडतानाही वरच्याच परीक्षा घ्या. टॉर्क पाना भारी आणि बिट कचऱ्यातले, हा प्रकार फार दिसतो. पाना नसेल तेव्हाची एक जुनी सवय सांगतो: लांब हात बोल्टमध्ये घाला आणि छोटा हात बोटांत धरा. ४ च्या कीचा छोटा हात २५ मिमी, त्यावर ५ न्यूटन-मीटर द्यायला वीस किलो लागतात. बोटं तेवढं सहज देत नाहीत, त्यामुळे अति होण्याआधी हात थांबतो. मोजमापाला हा पर्याय नाही. धातूच्या भागांवर, रस्त्यात, एवढ्यापुरतंच हे ठीक.

राहिले दादा. कुलपाचा विचार मला पटत नाही, आणि तुम्हालाही मनातून पटत नसावा, नाहीतर मला विचारलं नसतं. एकाच वर्कशॉपात राहून एका भावाची हत्यारं कुलपात गेली की हळूहळू गप्पाही जातात. पाइपमागचं त्यांचं कारण बघा. ते हौसेने पाइप लावत नाहीत. गंजलेला बोल्ट हलत नाही आणि हातात असलेली की आखूड आहे, म्हणून लावतात. त्यांना "नका लावू" सांगण्यापेक्षा त्या कामाचं हत्यार आणून द्या: अर्ध्या इंची चौकोनाचे ६, ८, १० चे ॲलन बिट-सॉकेट आणि एक लांब दांडा. हे जोर घेण्यासाठीच बनवलेले असतात. एल की पाइपखाली वाकते, पिळते आणि तुटते तेव्हा तुटलेला तुकडा कुठे उडेल आणि हाताची बोटं कुठे आदळतील याचा नेम नाही. बोल्टवर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल टाका, डोक्यावर ड्रिफ्ट (ठोकायचा धातूचा दांडा) ठेवून हातोडीचे दोन-चार ठोके द्या, मग दांडा लावा. दादांचं वळण इथे तुमच्यापेक्षा चांगलं चालेल, असं वाटतं. जुना जुडगा टाकू नका, त्यातल्या इंची की काढून बाजूला करा आणि उरलेल्या वर्निअरने मोजून बघा. माप धरणाऱ्या एक-दोन निघाल्या तर वर्कशॉपच्या खडबडीत कामांना राहू द्या.

शेवटी, आत्ता अडकून बसलेला स्टेमचा बोल्ट. आधी बाकीचे तीन बोल्ट थोडेथोडे सैल करा, म्हणजे अडकलेल्यावरचा ताण कमी होईल. खाचेतली घाण टोच्याने खरवडून काढा, कारण तळाशी पाव मिमी माती असली तरी की वर राहते. मग चांगली ४ ची की, सरळ टोक, तळापर्यंत घालून खाली दाबत एकदाच ठाम जोर. हलकेहलके झटके देत बसलात तर उरलेले कोपरेही जातील. जमलं नाही तर टी२५ चा बिट खाचेत हातोडीने हलकेच ठोकून बसवा. त्याच्या पाकळ्यांचा घेर ४ च्या खाचेपेक्षा थोडा मोठा असल्याने तो भिंतीत रुतून पकड घेतो. ५ च्या गोल झालेल्या खाचेला टी३०. ठोके मात्र खरंच हलके हवेत आणि स्टेमला खालून आधार द्या. खाली कार्बन आहे. तेही फसलं तर बोल्टचं डोकं ड्रिलने कापून काढायचं काम उरतं. झाकण निघालं की उरलेला दांडा पक्कडीने फिरून येतो. ड्रिलचा हात पक्का नसेल तर हे सायकल मेकॅनिककडे द्या, बारच्या किमतीपुढे त्याची मजुरी काहीच नाही.

बोल्ट निघाल्यावर चारही बदला, त्याच लांबीचे आणि स्टेम बनवणाऱ्याने सांगितलेल्या दर्जाचे. आट्यांना थोडं ग्रीस लावा. बार आणि स्टेमच्या मध्ये कार्बनसाठी मिळणारी खरखरीत पेस्ट लावा, तिच्यामुळे कमी आवळातही बार सरकत नाही. मग चारही बोल्ट समोरासमोर, आलटूनपालटून, पाव-पाव फेरा देत आवळा. झाकणाची फट वर आणि खाली सारखी राहते का ते बघत जा. काही स्टेममध्ये वरची फट पूर्ण मिटवायची असते. तसं असेल तर ते त्याच्यावरच लिहिलेलं असतं.